ॲलर्जीची इंजेक्शने: सुरू करण्यापूर्वी आणि घेत असताना रुग्णांनी काय लक्षात ठेवावे

"डॉक्टर, गोळ्या खाऊन कंटाळा आला. ते ॲलर्जीचे इंजेक्शन असते ना, ते देऊन टाका. एकदाचे काय ते संपू दे." सकाळी उठल्यापासून शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज आणि रात्री बंद नाक अशा त्रासाने वैतागलेले रुग्ण माझ्याकडे येऊन हे नेहमी म्हणतात. त्यांचा कंटाळा मला समजतो. पण हे इंजेक्शन 'एकदाचे' नसते. हा तीन ते पाच वर्षे चालणारा उपचार आहे. योग्य रुग्णाला त्याचा खरोखर चांगला उपयोग होतो. मात्र निष्काळजीपणे घेतला तर याच उपचाराने जिवावर बेतू शकते. म्हणून हो म्हणण्याआधी पुढील माहिती शांतपणे वाचा आणि घरातल्यांनाही वाचून दाखवा.

नेमके कोणते इंजेक्शन?

बोलताना आपण 'ॲलर्जीचे इंजेक्शन' म्हणतो, पण त्या एका नावाखाली किमान तीन वेगळ्या गोष्टी येतात.

पहिले म्हणजे अंगावर पित्त उठल्यावर किंवा अचानक ॲलर्जी आल्यावर दवाखान्यात देतात ते एविल किंवा डेक्सामेथासोनसारखे इंजेक्शन. ते त्या वेळचा त्रास कमी करते. मूळ ॲलर्जीवर त्याचा परिणाम होत नाही.

दुसरे म्हणजे स्नायूत दिले जाणारे, अनेक आठवडे परिणाम टिकणारे स्टेरॉइड. "हंगामात एक घेतले की सर्दी पळते" असे ज्याबद्दल सांगितले जाते ते बहुधा हेच असते. बरे वाटते हे खरे आहे. पण वारंवार घेतल्यास रक्तातील साखर व रक्तदाब वाढणे, हाडे ठिसूळ होणे, डोळ्यांत मोतीबिंदू होणे असे दुष्परिणाम होऊ शकतात. नेहमीच्या ॲलर्जिक सर्दीसाठी ही सवय चांगली नाही.

तिसरे म्हणजे या लेखाचा विषय, ॲलर्जन इम्युनोथेरपी. काही डॉक्टर याला 'ॲलर्जीची लस' असेही म्हणतात. तुम्हाला ज्या पदार्थाची ॲलर्जी आहे त्याच पदार्थाचा अर्क अतिशय कमी प्रमाणात सुरू करून हळूहळू वाढवत नेला जातो.

तुम्ही याआधी 'ॲलर्जीची इंजेक्शने' घेतली असतील तर ती यांपैकी कोणती होती हे जुन्या कागदांवरून तपासून घ्या. नाव कळले नाही तर कागद डॉक्टरांना दाखवा.

हा उपचार काम कसा करतो?

ॲलर्जी म्हणजे शरीराच्या संरक्षण यंत्रणेची चुकीची ओळख. घरातील धुळीतले सूक्ष्म किडे किंवा परागकण खरे तर निरुपद्रवी असतात. ॲलर्जी असलेल्या व्यक्तीचे शरीर मात्र त्यांना शत्रू समजते आणि त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते. तो पदार्थ पुन्हा नाकात गेला की हिस्टामिनसारखी रसायने बाहेर पडतात आणि शिंका, खाज, सूज सुरू होते.

गोळ्या आणि नाकातले स्प्रे या रसायनांचा परिणाम किंवा त्यातून येणारी सूज कमी करतात. इम्युनोथेरपीचा रोख त्यामागच्या चुकीच्या ओळखीवर असतो. तोच पदार्थ ठरलेल्या मात्रेत पुन्हा पुन्हा दिल्याने शरीर तो सहन करायला शिकते. हा उपचार नवा नाही. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागकणांचा अर्क टोचून केलेले प्रयोग १९११ साली प्रसिद्ध केले. तेव्हापासून पद्धतीत पुष्कळ सुधारणा झाल्या, पण मूळ कल्पना तीच आहे.

कोणाला उपयोग होतो, कोणाला नाही?

पुढील परिस्थितीत या उपचाराचा विचार करता येतो:

- ॲलर्जिक सर्दी, डोळ्यांची ॲलर्जी किंवा ॲलर्जीमुळे होणारा, पण औषधांनी आटोक्यात असलेला दमा असणे.
- नाकातले स्प्रे आणि गोळ्या नीट घेऊनही पुरेसा आराम नसणे, किंवा त्या औषधांचा त्रास होणे.
- त्रास नेमका कशाने होतो हे चाचणीत दिसणे आणि ते तुमच्या लक्षणांशी जुळणे.
- मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर पूर्वी संपूर्ण शरीरावर गंभीर परिणाम झालेला असणे. अशा रुग्णांना त्या विषाच्या अर्काची इम्युनोथेरपी फार परिणामकारक ठरते. ती मोठ्या केंद्रातच घ्यावी आणि अर्क मिळतो का हे आधी विचारावे.

आता उपयोग कुठे होत नाही ते पाहू. शेंगदाणे, मासे, दूध अशा खाण्याच्या ॲलर्जीसाठी ही इंजेक्शने दिली जात नाहीत. त्यात गंभीर रिॲक्शनचा धोका जास्त असतो. अंगावर वारंवार पित्त उठणे किंवा एखाद्या औषधाची ॲलर्जी असणे यासाठीही ती नाहीत. गाजरगवतामुळे शेतात काम करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर येणारा इसब हा वेगळ्या प्रकारच्या ॲलर्जीचा आहे. त्याची चाचणीही वेगळी असते आणि उपचारही वेगळे. तसेच प्रत्येक सर्दी ॲलर्जीची नसते. नाकाचे हाड वाकडे असणे, सायनसचा जंतुसंसर्ग, धूर आणि उग्र वास यांनीही नाक गळते. तिथे या इंजेक्शनांचा काहीच उपयोग नाही.

सुरू करण्यापूर्वीची तपासणी

सर्वांत महत्त्वाची तपासणी म्हणजे तुमची हकीकत. त्रास कधी होतो, घरात की बाहेर, पावसाळ्यात की बारा महिने, झाडू मारताना की गोधड्या-गाद्या झटकताना? यावरून बराच अंदाज येतो. त्यानंतर त्वचेवरील प्रिक टेस्ट केली जाते. हाताच्या आतल्या बाजूला वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ठेवून सुईच्या टोकाने हलके टोचतात आणि १५ ते २० मिनिटांत गांधी उठते का ते पाहतात.

या चाचणीआधी ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर निकाल चुकीचा येतो. किती दिवस, हे गोळीनुसार ठरते आणि साधारण आठवडाभरापर्यंत असू शकते. सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांतही हेच औषध असते. म्हणून घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांना दाखवा. दम्याचा पंप मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

त्वचेची चाचणी शक्य नसेल तर रक्तातील विशिष्ट आयजीई तपासता येते. इथे एक धोक्याची सूचना देतो. रक्ताच्या एकाच नमुन्यात शे-दोनशे पदार्थ तपासून देणारे लांबलचक अहवाल घेऊन अनेक जण येतात. चाचणी 'पॉझिटिव्ह' आली म्हणजे त्या पदार्थाने तुम्हाला त्रास होतोच असे नाही. आयजीजी नावाच्या चाचणीवरून तर खाण्याच्या ॲलर्जीचे निदान होतच नाही. केवळ अहवालावर बोट ठेवून दहा-वीस पदार्थांची एकत्र लस सुचवली गेली तर दुसरे मत जरूर घ्या.

वेळापत्रक कसे असते?

उपचाराचे दोन टप्पे असतात.

पहिला टप्पा मात्रा वाढवण्याचा. यात साधारण तीन ते सहा महिने आठवड्यातून एक किंवा दोन इंजेक्शने दिली जातात. प्रत्येक वेळी मात्रा थोडी वाढते.

दुसरा टप्पा मात्रा कायम ठेवण्याचा. ठरलेल्या मात्रेपर्यंत पोहोचल्यावर दर दोन ते चार आठवड्यांनी एक इंजेक्शन असते. हा टप्पा धरून एकूण उपचार तीन ते पाच वर्षे चालतो.

सुई बारीक असते आणि दंडाच्या मागच्या बाजूला कातडीखाली टोचतात, त्यामुळे फार दुखत नाही. फरक जाणवायला काही महिने लागतात. तोपर्यंत नेहमीचे स्प्रे, गोळ्या आणि दम्याचे पंप चालू ठेवायचे असतात. "इंजेक्शन सुरू केले, आता पंप कशाला" असे म्हणून दम्याचे औषध सोडणे ही मला दिसणारी मोठी चूक आहे.

कायम मात्रेवर वर्षभर राहूनही काहीच फरक नसेल तर तज्ज्ञांशी बोलून उपचार थांबवण्याचा विचार करावा. चांगला फरक पडला असेल तर पूर्ण मुदत संपवल्यानंतर त्याचा फायदा अनेकांना पुढे काही वर्षे टिकतो. मध्येच सोडले तर तेवढा टिकत नाही.

ती ३० मिनिटे

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: इंजेक्शन घेतल्यावर किमान ३० मिनिटे दवाखान्यात बसून राहा. गंभीर रिॲक्शन बहुतेक वेळा याच काळात सुरू होते, आणि ती पहिल्याच इंजेक्शनला होते असे नाही.

माझ्या एका रुग्ण शिक्षिका आहेत. अनेक महिने त्यांनी ही इंजेक्शने काहीही त्रास न होता घेतली होती. एका दिवशी त्यांना बस गाठायची घाई होती. "आजवर काही झाले नाही, आज काय होणार?" असे म्हणत त्या उठल्या. आमच्या सिस्टरांनी त्यांना जवळजवळ जबरदस्तीने बसवून ठेवले. साधारण विसाव्या मिनिटाला तळहातांना खाज सुटली, घसा आवळल्यासारखा झाला आणि आवाज बदलला. लगेच मांडीत ॲड्रिनॅलिन दिले, ऑक्सिजन लावला आणि त्यांना रुग्णालयात हलवले. त्या पूर्ण बऱ्या झाल्या. नंतर बोलताना कळले की आदल्या रात्री धाप लागल्याने त्यांनी दोनदा पंप घेतला होता. मी विचारले नव्हते आणि त्यांना ते सांगण्याइतके महत्त्वाचे वाटले नव्हते. त्या बसमध्ये असत्या तर काय झाले असते, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

तेव्हापासून प्रत्येक इंजेक्शनआधी आम्ही काही ठरावीक प्रश्न विचारतो. तुमच्या दवाखान्यात कोणी विचारले नाही तर तुम्हीच आपणहून सांगा:

- गेल्या दोन-तीन दिवसांत धाप, शिट्टीसारखा आवाज, रात्रीचा खोकला किंवा पंपाची जास्त गरज लागली का?
- ताप किंवा छातीचा संसर्ग आहे का?
- मागच्या इंजेक्शननंतर घरी गेल्यावर काही झाले का?
- नवीन औषध सुरू झाले आहे का? विशेषतः रक्तदाबाचे किंवा हृदयाचे?
- गरोदर असण्याची शक्यता आहे का?

दमा वाढलेला असेल किंवा ताप असेल तर त्या दिवशीचे इंजेक्शन पुढे ढकलायचे. एक आठवडा गेल्याने नुकसान होत नाही. इंजेक्शनच्या आधी आणि नंतर साधारण दोन तास धावणे, व्यायामशाळा, जड काम आणि कडक गरम पाण्याची आंघोळ टाळा. टोचलेली जागा चोळू नका.

कोणता त्रास साधा, कोणता गंभीर?

टोचलेल्या जागी लाली, खाज आणि थोडी सूज येणे नेहमीचे आहे. बर्फ लावावा. डॉक्टरांनी सांगितली असेल तर ॲलर्जीची गोळी घ्यावी. सूज तळहाताएवढी किंवा त्याहून मोठी झाली, अथवा दुसऱ्या दिवशीही राहिली, तर पुढच्या इंजेक्शनआधी ते सांगायला विसरू नका.

पुढीलपैकी काहीही झाले तर ते गंभीर समजा: अंगभर खाज किंवा गांधी, ओठ-जीभ-डोळे सुजणे, घसा आवळणे, आवाज घोगरा होणे, धाप किंवा छातीत शिट्टी वाजणे, सतत खोकला, पोटात जोराची कळ किंवा उलट्या, चक्कर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, किंवा "काहीतरी भयंकर होतेय" अशी अचानक वाटणारी भीती. याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात.

यावरचे पहिले औषध ॲड्रिनॅलिन आहे. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत लगेच दिले पाहिजे. एविल, स्टेरॉइड किंवा ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. घरी असताना असे झाले तर वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. रुग्णाला आडवे झोपवून पाय वर ठेवा. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर टेकून बसवा. उभे करू नका, चालवू नका. बरे वाटल्यावरही काही तास रुग्णालयात देखरेखीखाली राहावे लागते, कारण त्रास पुन्हा उसळू शकतो.

बाटली घरी, इंजेक्शन फॅमिली डॉक्टरांकडे

आपल्याकडे बऱ्याचदा तज्ज्ञ शहरात असतात आणि रुग्ण तालुक्याच्या गावी. मग अर्काच्या बाटल्या आणि वेळापत्रकाचा कागद रुग्णाच्या हाती दिला जातो आणि इंजेक्शन गावातले डॉक्टर देतात. तुमच्यावरही ही वेळ आली तर पुढील काळजी घ्या.

बाटल्या फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका आणि दारातही नको. नेताना थर्मासमध्ये बर्फाच्या पिशवीसोबत न्या, पण बाटली थेट बर्फाला टेकू देऊ नका. बाटलीवरचे नाव, क्रमांक आणि मुदत प्रत्येक वेळी तुम्ही स्वतः वाचा. वेगवेगळ्या तीव्रतेच्या बाटल्या असतात आणि चुकीच्या बाटलीतून डोस जाणे हे गंभीर रिॲक्शनचे एक टाळता येण्यासारखे कारण आहे. घरात दोघांचे उपचार चालू असतील तर डबे वेगळे ठेवा.

नवीन बाटली सुरू करताना मात्रा बहुधा कमी करावी लागते. हे तज्ज्ञांना विचारून कागदावर लिहून घ्या. आणि घरी स्वतः किंवा शेजारच्या कंपाउंडरकडून हे इंजेक्शन कधीही घेऊ नका. जिथे ॲड्रिनॅलिन, ऑक्सिजन, सलाइन आणि ते वापरू शकणारे डॉक्टर हजर आहेत, तिथेच घ्या. "तुमच्याकडे ॲड्रिनॅलिन आहे ना?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्यात काहीही गैर नाही. मला कोणी विचारले तर मला बरेच वाटते.

इंजेक्शन चुकले तर?

लग्नकार्य, परीक्षा, गणपतीला गावी जाणे अशा कारणांनी खाडा पडतो. अशा वेळी राहिलेले भरून काढायला दोन डोस एकत्र घेऊ नका. खाडा मोठा असेल तर आधीची मात्रा तशीच पुढे चालू ठेवणेही धोक्याचे असते. ती कमी करून पुन्हा वाढवावी लागते. किती, हे तज्ज्ञच ठरवतील.

विशेष काळजी कोणी घ्यावी?

दमा आटोक्यात नसेल तर ही इंजेक्शने सुरू करू नयेत. गंभीर रिॲक्शनचा सर्वांत जास्त धोका याच रुग्णांना असतो. रक्तदाब किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातले औषध चालू असेल तर ॲड्रिनॅलिनचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून ते आधी सांगा. मात्र ते औषध आपल्या मनाने बंद करू नका.

गरोदरपणात हा उपचार नव्याने सुरू करत नाहीत आणि मात्राही वाढवत नाहीत. आधीपासून कायम मात्रेवर असाल आणि ती सोसत असेल तर तज्ज्ञांच्या सल्ल्याने चालू ठेवता येतो. मुलांमध्ये साधारण पाच वर्षांनंतर विचार करतात. त्याहून लहान मूल घसा आवळल्याचे नीट सांगू शकत नाही, हे त्यामागचे एक कारण आहे.

जिभेखालचे थेंब किंवा गोळ्या

काही ॲलर्जींसाठी जिभेखाली ठेवायचे थेंब किंवा गोळ्याही असतात. गंभीर रिॲक्शनचा धोका त्यात इंजेक्शनपेक्षा कमी असतो. पहिला डोस डॉक्टरांसमोर घेऊन पुढचे घरी घेता येतात. तोंडात खाज किंवा किंचित सूज सुरुवातीला होऊ शकते. अडचण अशी की ते बहुधा रोज, न विसरता, काही वर्षे घ्यावे लागतात. तोंडात जखम असेल, दात काढला असेल तर काही दिवस थांबावे. गिळताना अडकल्यासारखे वाटू लागले तर डॉक्टरांना दाखवावे.

हो म्हणण्याआधी विचारायचे प्रश्न

- माझा त्रास नक्की कोणत्या पदार्थाने होतो, आणि लस त्याचीच आहे का?
- स्प्रे मी योग्य रीतीने वापरतो का? आधी तेवढ्याने भागेल का?
- एकूण किती वर्षे, किती फेऱ्या आणि किती खर्च? विमा यातले काही देतो का? अनेक विम्यांत दाखल न होता घेतलेल्या उपचाराचा खर्च मिळत नाही.
- इंजेक्शन कुठे घ्यायचे, आणि तिथे रिॲक्शन सांभाळण्याची सोय आहे का?
- रात्री-अपरात्री त्रास झाला तर कोणाला फोन करायचा?

आणि इंजेक्शने घ्या अथवा न घ्या, घरातली काळजी सुटत नाही. धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी असेल तर चादरी आणि उशांचे अभ्रे दर आठवड्याला चांगल्या गरम पाण्यात धुवा, गाद्या-गोधड्यांना ऊन दाखवा, कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात भिंतींवर बुरशी येत असेल तर ओल आधी थांबवा.

तीन वर्षे नियमित येणे जमणार असेल, दमा आटोक्यात असेल आणि प्रत्येक वेळी अर्धा तास थांबण्याची तयारी असेल, तर हा उपचार तुमचे रोजचे जगणे बरेच सुसह्य करू शकतो. यातले एखादे आत्ता जमत नसेल तर घाई करू नका. स्प्रे आणि गोळ्या नीट घेऊनही अनेकांचे उत्तम चालते. तुमच्यासाठी काय योग्य, हे तुमची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.